जॅकेट कुणी धुतलं

दुपारी तीनला मला जॅकेट सापडलं आणि ते स्वच्छ होतं.

नुसतं स्वच्छ नाही. कॉलर ताठ, बाह्यांना चाकूसारखी घडी, कोपरावरचा ग्रीसचा डाग गायब. जिराफाने जिवंतपणी ते या अवस्थेत पाहिलं असतं तर दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून परत खुंटीला लावलं असतं. मी कॉलरमध्ये नाक खुपसलं. साबण. बाहीत खुपसलं. साबण. मग काखेत, जिथे तो म्हणायचा की मेलेला उंदीरसुद्धा उठून पळून जाईल. तिथेही साबण.

"हे कुणी धुतलं?" मी ओरडले.

लाँड्रीत उभं राहून हे विचारणं म्हणजे आगीच्या बंबापाशी जाऊन पाणी कुणी मारलं विचारण्यासारखं आहे. कुणी मानसुद्धा वर केली नाही. आई काउंटरवर कुणाच्या तरी शर्टावरचा डाग उन्हात धरून बघत होती. आत्या शिलाई मशीनवर वाकली होती. काका ड्रायरला लाथा घालत होता, कारण ड्रायरचा त्याच्या मते तोच एक इलाज आहे. बाबा हॉटेलच्या चादरी पोचवायला गेले होते, म्हणून वाचले. आजोबा वर झोपले होते, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

"जिराफाचं जॅकेट कुणी धुतलं?"

आता सगळ्यांनी वर बघितलं. ड्रायर एक गचका देऊन बंद पडला.

जिराफ, म्हणजे माझा ताडमाड मित्र, मरून पाच आठवडे झाले होते. तो दुकानांच्या पाट्यांवर दिवे बसवायचा. चार-चार मजल्यांवर लटकला, काही झालं नाही, आणि मेला कुठून, तर शिडीच्या सहाव्या पायरीवरून. एका चष्म्याच्या दुकानासमोर, फुटपाथच्या कडेवर डोकं आपटून. सहावी पायरी. त्याची उंची बघता तेवढं काम जमिनीवर टाचा उंचावून झालं असतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं असतं तर आमचं आठवडाभर भांडण चाललं असतं आणि शेवटी त्याने कबूल केलं असतं. आता तो कबूल करत नाही. मेल्यावर फारच आगाऊ झालाय.

त्याची आई बेकरीत भट्टीवर असते. असायची. आज साडेपाचच्या बसने ती बहिणीकडे कायमची राहायला चालली होती. जिराफाचं हे निळं जाड जॅकेट तिने प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलं होतं, आणि दहा दिवसांपूर्वी माझ्या हातात देऊन म्हणाली होती, "तुझ्या आत्याकडून चेन बसवून आण. चेन लागली की वास आत राहील. धुवायचं नाही. झटकायचंसुद्धा नाही."

"उद्या आणते काकू," मी म्हणाले होते.

आज पाचला ती न्यायला येणार होती.

"चिठ्ठी होती का त्यावर?" आईने विचारलं.

चिठ्ठी हा आमच्या घराचा धर्म आहे. आजोबांनी दुकान काढलं तेव्हाचा नियम: आत आलेल्या प्रत्येक कपड्याला चिठ्ठी, आणि चिठ्ठी नसेल ते मळकं धरायचं. विचारत बसायचं नाही, धुवायचं. या नियमामुळे आम्ही एकदा गिऱ्हाईकाने बोलता बोलता काउंटरवर ठेवलेली शाल धुतली आहे. एकदा टपालवाल्याची पिशवी. पत्रं काढून ठेवली होती, एवढी अक्कल होती.

"नव्हती," मी म्हणाले.

"मग कुणीही धुतलं असेल," आई म्हणाली. "ताईंना विचार. दिसेल ते पाण्यात बुडवायची त्यांना सवय आहे."

ताई म्हणजे आत्या. गेल्या वर्षी आत्याने आईला न विचारता कुणाचे तरी मखमली पडदे गरम पाण्यात घातले आणि त्यांचे रुमाल करून आणले. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. दोघी माझ्याशी बोलतात, एकाच खोलीत, एकाच वेळी.

"आईला सांग," आत्या म्हणाली, "मी चेन बसवली, दोरा तोडला, तुझ्या हातात दिलं. त्याला नऊ दिवस झाले. पुढचं मला माहीत नाही."

"ताईंना म्हणावं, मग आज खुंटीवर कुठून आलं?"

"आईला म्हणावं, मशीनमध्ये सगळं कोण ढकलतं? माझा भाऊ. त्याला विचार."

काका दचकला. "मी? मी सकाळपासून याला लाथा घालतोय. मशीन लावलं कुठे?"

"काल लावलं असशील."

"काल ते इथे नव्हतंच," काका म्हणाला, आणि मग त्याच्या डोक्यात दिवा पेटलेला मला स्पष्ट दिसला. "काडी, नऊ दिवस होतं कुठे हे जॅकेट?"

काडी म्हणजे मी. आजोबांनी ठेवलेलं नाव, कारण घासलं की पेटते. शाळेतल्या बाई मला वेगळ्या नावाने हाक मारायच्या, पण ते प्रकरण मी स्वतःच मिटवलं आणि घरी आले.

"विसरले होते द्यायला."

"नऊ दिवस?"

"चेन तर दुसऱ्याच दिवशी लागली होती," आई म्हणाली. "ताईंचं काम कधी रेंगाळत नाही."

वर्षभरात पहिल्यांदा आईच्या तोंडून आत्याबद्दल बरं काही निघालं होतं, आणि तेही माझ्यावर चाल करून यायला. आत्याने तोंडातली टाचणी काढली.

"आणि चिठ्ठी न लावता खुंटीला?" आत्या म्हणाली. "या घरात जन्मलीस ना गं तू?"

"आज सकाळी लावलं. घाईत होते. आठ घरांचे कपडे पोचवायचे होते. आता मला फाशी द्या, पण पाचला ती येणार आहे. काय सांगायचं तिला?"

"खरं," आत्या म्हणाली.

"काहीच नाही," काका म्हणाला. "वासच तो. पाच आठवड्यांत असाही गेला असता."

"ती बेकरीत असते काका. वीस वर्षं. पाव करपायच्या दोन मिनिटं आधी तिला रस्त्यावरून कळतं."

आई जॅकेट उलटंपालटं करून बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो रक्ताचा किंवा शाईचा डाग समोर आला की येतो. आईची आई वारली तेव्हा आईने तिचे सगळे कपडे एका दुपारी धुऊन, इस्त्री करून वाटून टाकले. ते बरोबरच केलं असं ती अजून ठासून सांगते. पण बाजारात कुणाच्या अंगावर पिवळं स्वेटर दिसलं की ती आपला रस्ता सोडून त्याच्या मागे जाते. मी दोनदा पाहिलंय. तिला माहीत नाही की मी पाहिलंय.

"डाग काढता येतो," आई म्हणाली, "तर घालताही येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे कसा वास यायचा त्याला? नीट सांग. एकेक करून."

हा वेडेपणा होता, हे सांगायला शाळा शिकायला लागत नाही. पण साडेतीन वाजले होते. मी डोळे मिटले.

"ग्रीस. तांब्याच्या तारेचा, म्हणजे नाणं जिभेवर ठेवल्यासारखा. संत्रं. खिशात कायम संत्रं असायचं. भिजलेल्या कुत्र्याचा, कुत्रा नव्हता तरी. आणि एक स्प्रे, जो तो एका मुलीसाठी मारायचा. तिने कधी ढुंकून पाहिलं नाही. आणि घाम."

"ग्रीस बॉयलरला आहे," आई म्हणाली. "ताईंकडे तांब्याची तार असेल."

"आहे," आत्या थेट तिला म्हणाली, आणि मग आपण थेट बोललो हे लक्षात येऊन मशीनच्या खणात डोकं घातलं.

"संत्रं?"

"सरबताची बाटली आहे."

"कुत्रा?"

सगळ्यांनी काकाकडे पाहिलं.

"ओला टॉवेल कोपऱ्यात पडलाय कालपासून," काका दुखावल्या आवाजात म्हणाला.

"आणि घाम," मी म्हणाले.

सगळ्यांनी परत काकाकडे पाहिलं.

काकाला वाटलं असतं तर तो नाही म्हणू शकला असता. तीन वर्षांपूर्वी तो घर सोडून, वेगळी लाँड्री काढून, ती बुडवून परत आला, तेव्हापासून घरातलं कुठलंही फालतू काम त्याच्या गळ्यात पडतं आणि तो प्रत्येक वेळी आधी अर्धा तास वाद घालतो. आज घातला नाही. त्या दिवशी चष्म्याच्या दुकानासमोरून जिराफाला हॉस्पिटलात नेलं ते काकाने, आमच्या गाडीतून, हॉटेलच्या इस्त्रीच्या टॉवेलांवर झोपवून. तिथवर पोचेपर्यंत जिराफ काय बोलला, बोलला की नाही, हे काकाने कुणाला सांगितलेलं नाही. फक्त तेव्हापासून तो गाडीचा मागचा दरवाजा उघडत नाही. काहीतरी कारण काढतो, पाठ दुखते म्हणतो, आणि बाबा निमूट उघडतात.

त्याने जॅकेट अंगात घातलं. बाह्या हातांच्या खाली वीतभर लोंबत होत्या. आईने कोपराला ग्रीस फासलं, आत्याने तारेने कॉलर घासली, मी सरबत शिंपडलं. मग काका पळायला लागला. बॉयलरभोवती, इस्त्रीच्या टेबलाला वळसा घालून, ड्रायरच्या बाजूने परत. पोट पुढे, बाह्या मागे.

"हात हलव," आई म्हणाली. "काखेत यायला हवा."

"मला... चक्कर..."

"अजून दहा फेऱ्या. गुडघे वर."

आत्याला हसू आलं. तिने ते दाबलं, आणि दाबलेलं हसू आईला दिसलं, आणि आईचं सुटलं. दोघी एकमेकींना धरून इस्त्रीच्या टेबलावर ओणव्या झाल्या. त्या पडद्यांनंतर मी त्यांना इतकं जवळ पाहिलं नव्हतं. मला पण हसायला हवं होतं. जिराफ असता तर जमिनीवर लोळला असता, त्याला लोळायला जागा तरी किती लागायची. मी काकाला थांबवलं, कॉलर ओढली आणि वास घेतला.

बाम. पाठदुखीचा बाम. वर संत्र्याचं सरबत ओतलेला, घामाघूम झालेला माझा काका.

"काढ," मी म्हणाले.

"जमलंय का?"

"काढ म्हणते ना. हा तू आहेस. ती तुला घेऊन बसमध्ये बसणार आहे का? आयुष्यभर उशाशी तुझा बाम घेऊन झोपणार आहे? काय चाललंय काय तुमचं, इथे माणूस मेलंय आणि तुम्ही..."

"आवाज खाली कर," आई म्हणाली.

"नाही करणार. तुम्हाला सगळं धुवायचंच असतं. दिसलं की धुवा. दोन दिवस एखादी गोष्ट मळकी राहू देत नाही तुम्ही."

"काडी," काका म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी वळले. जिराफाची आई दारात उभी होती. दोन्ही हातांत दोन पिशव्या, पायात बेकरीतले पांढरे बूट. सव्वाचार वाजले होते. ती लवकर आली होती.

तिने पिशव्या खाली ठेवल्या. काकाला खालून वर आणि परत खाली बघितलं.

"याला काय झालंय?"

"काही नाही काकू. पळत होता."

"माझ्या मुलाच्या जॅकेटात?"

काकाने ते इतक्या घाईत काढलं की एक बाही उलटी झाली. तिने ती सरळ केली. मग जॅकेट तोंडाजवळ नेलं आणि डोळे मिटून श्वास घेतला. मी पाहिलंय, पावाचा वास पण ती असाच घेते. हळू, तीन टप्प्यांत.

"वर बाम," ती म्हणाली. "मध्ये संत्रं, पण साल नाही, सरबत. खाली साबण." परत घेतला, जास्त खोल. मग डोळे उघडले. "यात माझा मुलगा कुठाय?"

बॉयलर तेवढा फुसफुसत होता.

"एक गोष्ट सांगितली होती तुला," ती मला म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "दहा नाही. एक."

मी तोंड उघडलं.

"माझी चूक," आई मध्येच म्हणाली. "मी धुतलं. चिठ्ठी नव्हती, मी न विचारता घातलं पाण्यात."

"काहीतरीच काय," आत्या म्हणाली. "ती काउंटर सोडत नाही. मी धुतलं."

"मी धुतलं," काका म्हणाला. "या दोघी मला वाचवतायत."

तासाभरापूर्वी हेच तिघे एकमेकांच्या गळ्यात ते जॅकेट अडकवत होते. जिराफाच्या आईने तिघांकडे आळीपाळीने बघितलं, जसं वेड्यांच्या घरात चुकून शिरलेला माणूस बघतो.

"खोटारडे आहेत सगळे," जिन्यावरून आवाज आला. "मी धुतलं."

आजोबा एकेक पायरी उतरत खाली येत होते, कठडा धरून. अंगावर धुतलेला शर्ट, केस विंचरलेले. ते वाट बघत होते. ती पाचला येणार म्हणून तयार होऊन बसले होते आणि आवाज ऐकून लवकर उतरले.

"मशीनमध्ये नाही घातलं हं," ते तिला म्हणाले. "हाताने. गच्चीवर बसून. पोराचं शेवटचं कापड. मशीनमध्ये कसं घालू?"

तेव्हा मी त्यांचे हात बघितले. आजोबांच्या कातडीला साबण चालत नाही, डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वीच पाण्यात हात घालायला बंदी केली आहे. चाळीस वर्षं कपडे धुतल्यावर हातांनी संप केला, असं ते म्हणतात. आज ते हात कोपरापर्यंत लाल होते आणि बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या. सकाळी साडेसातला, मी कपडे पोचवायला निघाले तेव्हा, त्यांनी खुंटीवर ते ओळखलं असणार. कुणाला न सांगता बादली वर नेली असणार. उन्हात वाळवलं असणार, जुन्या इस्त्रीने घड्या घातल्या असणार. आणि मग दिवसभर मोठ्या समाधानाने पडून राहिले असणार.

"अप्पा," आत्या हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांना वास हवा होता. म्हणून तसंच ठेवलं होतं."

आजोबांचा चेहरा मला त्या क्षणी बघायचा नव्हता, पण माझी नजर वाईट आहे, ती सगळं बघते. ते तिथेच शेवटच्या पायरीवर बसले.

"असं होय," ते म्हणाले. हात मांडीवर ठेवले, मग उचलले, मग कुठे ठेवावेत ते न कळून परत ठेवले. "मला कुणी सांगितलं नाही."

"चिठ्ठी लावली नाही मी," मी म्हणाले.

"हं."

जिराफाची आई जॅकेट छातीशी धरून उभी होती. ती आता निघून जाईल असं मला वाटलं. पण आजोबांनी मान वर केली.

"वास गेला," ते म्हणाले. "तो माझ्याकडून गेला, तो काही आणता येणार नाही. पण त्यात काय काय होतं ते सगळं मी बघितलंय. माझं डोळ्यांचं काम आहे हे. सांगू?"

आईने तिच्यासाठी स्टूल सरकवलं. ती बसली नाही, पण एक हात त्यावर ठेवला.

"पहिलं पाणी काळं नाही आलं. तांबूस आलं. गंज. एकाच खांद्यावर, डाव्या. शिडी डाव्या खांद्यावर न्यायचा."

"हो," ती म्हणाली.

"उजव्या बाहीचं टोक चावलेलं होतं. एकदा नाही, सारखं सारखं. काम करताना तोंडात धरायचा."

"चार शर्ट खाल्ले त्याने लहानपणी. डॉक्टर म्हणाले, पोटात काही कमी असेल. कसलं काय."

"डाव्या बाहीला नाक पुसायचा."

जिराफाच्या आईच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं रडली. हसली होती. "रुमाल द्यायचे रोज. इस्त्री करून. सगळे खिशात तसेच परत यायचे."

"कॉलर मात्र फार मळकी नव्हती. अंघोळ नीट करायचा."

"मी दारात काठी घेऊन उभी राहायचे तेव्हा."

"उजव्या खिशात संत्र्याच्या साली. डावा खिसा फाटलेला, त्यातून खाली अस्तरात गेलेले स्क्रू. अकरा. आणि एक चॉकलेटचा कागद. घडी घालून घालून नखाएवढा केलेला." आजोबांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी पत्र्याची डबी काढली. "खिशातलं आम्ही टाकत नाही कधी."

तिने डबी घेतली, उघडली, बंद केली. तिचा हात आता स्टुलावर नव्हता, ती बसली होती. कधी बसली कुणाला कळलं नाही. काका भिंतीकडे तोंड करून ड्रायरची तार तपासत होता, जी अगदी ठीक होती.

"अजून?" ती म्हणाली.

आजोबा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण मला कळलं, आणि माझे कान तापले.

"केस होते," ते म्हणाले. "आतून, अस्तराला. लांब. सात. ते त्याचे नव्हते."

आमच्या घरात लांब केस तिघींचे आहेत. आईचे अर्धे पांढरे, आत्याचे मेंदीचे लाल. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी खोटं बोलू शकले असते. मी चांगलं बोलते. पण त्या म्हाताऱ्याचे हात माझ्यामुळे सोलले होते आणि तिघांनी माझ्यासाठी चूक वाटून घेतली होती, आणि या सगळ्यात एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती.

"मी घालून झोपायचे," मी म्हणाले. "चेन लागली त्या रात्रीपासून. नऊ रात्री. एकच रात्र ठेवणार होते." कुणी मदतीला आलं नाही. "आणि काकू, आजोबांनी धुतलं तेव्हा त्यात काही नव्हतं. वास आधीच गेला होता. चौथ्या दिवसापासून त्याला माझाच वास येत होता. मला कळत होतं. मी तरी काढलं नाही. मी संपवला तो. सगळा. तुमच्यासाठी थोडासुद्धा ठेवला नाही."

ती उठली. मला वाटलं आता देते ठेवून. मी गाल पुढे केला नाही, पण मागेही सरले नाही.

"चार दिवस टिकला?" तिने विचारलं.

"चार."

"बरा टिकला." ती जॅकेटाची चेन वर-खाली करून बघत होती, आत्याचं काम तपासत असल्यासारखी. "उशीचं कव्हर मी अडीच दिवसांत संपवलं. मग चादर. मग टोपी. म्हणून तर हे पिशवीत बांधलं. घरात राहिलं असतं तर हे पण उरलं नसतं. तुझ्याकडे दिलं, म्हटलं, निदान माझ्या हाताबाहेर राहील." तिने मान हलवली. "दिलं कुणाकडे, तर दुसऱ्या भुकेल्याकडे."

"माफ करा काकू."

"नाही करणार. आत्ता तरी नाही. उचल ती पिशवी, बस चुकेल."

तिने जॅकेट अंगात घातलं. बाह्या तिच्याही हातांवरून खाली आल्या, तिने त्या दोनदा दुमडल्या. मग नाक आक्रसलं.

"हा बाम किती दिवस राहील?"

"दोन धुण्यांत जाईल," आई सवयीने म्हणाली, आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

जिराफाची आई आजोबांपाशी गेली, वाकली आणि त्यांचे दोन्ही लाल हात उलटेसुलटे करून बघितले. "लोणी लावा याला," ती म्हणाली. "भट्टीवर आम्ही तेच लावतो." एवढंच. मग ती बाहेर पडली आणि मी तिच्या पिशव्या घेऊन मागे.

थांब्यापर्यंत ती चष्म्याच्या दुकानाचा रस्ता टाळून लांबून गेली, मी मागोमाग. बस उभी होती. मी पिशव्या वर चढवल्या, तिला खिडकीपाशी जागा मिळाली. मी खाली उभी राहिले, हातांचं काय करायचं ते न कळून.

"मागू नकोस," ती खिडकीतून म्हणाली. "जॅकेट देणार नाही."

"कुठे मागतेय."

"डोळ्यांनी मागतेस." तिने खिडकीची काच पूर्ण सरकवली. "ऐक. फोन कर. कशा आहात, जेवलात का, असलं विचारायचं नाही. पाच आठवडे लोक येतात आणि सांगतात, काय गुणी मुलगा, काय शांत मुलगा. बहिणीकडे पण तेच ऐकायचंय आता. मला माझा मुलगा ओळखू येईना झालाय. एक तू होतीस त्याला तोंडावर शिव्या घालणारी."

"तो पण घालायचा."

"माहीत आहे. भिंतीपलीकडून ऐकलंय सगळं." ड्रायव्हर चढला, दार आपटलं. "घाल एक. आत्ता. जाता जाता."

आजूबाजूला लोक होते. एक बाई लहान मुलाला घेऊन, दोन म्हातारे, एक पोलीस. मी तिच्याकडे बघितलं. ती खरंच वाट बघत होती.

"गाढव होता," मी म्हणाले.

"हे तर कुणीही म्हणेल."

"लंबूटांग गाढव होता. कधी वेळेवर आला नाही. माझी सायकल नेली आणि एका चाकाने परत आणली, वर म्हणाला चालते. संत्रं अर्धं करायचा आणि मोठं अर्धं स्वतः खायचा, आणि म्हणायचा की उंच माणसाला जास्त लागतं." बस सुरू झाली. मी बाजूने चालायला लागले. "त्याला शिट्टी वाजवता यायची नाही आणि तो दिवसभर वाजवायचा. मी शाळा सोडली तेव्हा सगळ्यांनी मला अक्कल शिकवली, आणि हा मूर्ख दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बसायला स्वतःची शाळा बुडवून आला. तीन दिवस. मास्तरांनी विचारलं तर म्हणाला, पोट दुखतंय."

"आवाज," ती ओरडली. बसचा आवाज वाढला होता.

"आणि शिडीवर चढायची गरजच नव्हती त्याला," मी ओरडले. आता मी पळत होते. "हात पोचत होता. मूर्खा, तुझा हात पोचत होता."

तिने खिडकीतून दुमडलेली बाही बाहेर काढली आणि खूण केली, थांबू नकोस, घाल अजून. बस कोपऱ्यावर वळली. मी रस्त्याच्या मध्ये उभी होते, मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, आणि माझ्याकडे अजून पुष्कळ शिव्या शिल्लक होत्या. मी त्या एकेक करून सगळ्या घातल्या.